संत्र्याच्या साली आणि दारूबंदीचे अध्यक्ष

संत्र्याची साल हातात धरून येसाजी स्वयंपाकघरात पाच मिनिटं नुसते उभे होते. ओट्याखाली चार डबे होते. सून सोनाली सकाळी शाळेत शिकवायला जाताना सांगून गेली होती, "बाबा, ओला कचरा हिरव्यात, सुका निळ्यात, आणि लाल डब्याला हातच लावू नका." एवढं त्यांच्या नीट ध्यानात होतं. पण परवाच उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढलेला, त्यावर काळा चष्मा, आणि डाव्या डोळ्याच्या ऑपरेशनचा नंबर अजून लागायचा होता. हिरवा, निळा आणि लाल हे तिन्ही डबे त्यांना जांभळाच्या रंगाचे दिसत होते. चौथा डबा स्टीलचा, तो तेवढा ओळखू येत होता. पण त्यात काय टाकायचं ते कुणी सांगितलंच नव्हतं.

कडावला त्यांच्या घरी कचऱ्याचा एकच डबा होता, आणि तो म्हणजे म्हशीचं तोंड. भाजीची देठं, केळाच्या साली, उरलेली पेज, सगळं म्हशीपुढं. तिनं मान फिरवली तर उकिरड्यावर, आणि उकिरडा उन्हाळ्यात शेतात. ह्याला कधी कुणी नाव दिलं नव्हतं आणि रंगही लागले नव्हते. दिवसातून सहा वेळा डोळ्यात औषध घालायचं म्हणून आठ दिवस ते मुलाकडं, भिसेगावात तिसऱ्या मजल्यावर राहायला आले होते, आणि इथं कचराच काय, पाणीसुद्धा जातवार निघालं. पहिल्या दिवशी त्यांनी न्हाणीतल्या बादलीतलं पाणी घाण समजून ओतून दिलं, तर ते कुंड्यांसाठी राखलेलं होतं. दुसऱ्या दिवशी तसंच पाणी त्यांनी मोठ्या मायेनं तुळशीला घातलं, तर ते कपड्यांचं, संडासासाठी ठेवलेलं होतं. सोनाली रागावली नाही. "असू दे बाबा," एवढंच म्हणाली. येसाजींना त्याचीच जास्त शरम वाटली.

तेव्हा आता धोका नको म्हणून त्यांनी साल सदऱ्याच्या खिशात घातली.

दुपारी सोनालीनं शाळेतून आल्या आल्या विचारलं, "बाबा, संत्रं खाल्लंत ना? साली कुठायत?"

येसाजींनी चोरी पकडली गेल्यासारखा खिसा रिकामा केला.

"अगबाई, जपून ठेवल्यात! बरं केलंत. मला लागतातच." तिनं साली स्टीलच्या डब्यात टाकल्या.

"कशाला लागत्यात गं?"

"गूळ आणि पाणी घालून मुरत घालते," म्हणत ती वाजणारा फोन घ्यायला आत गेली.

येसाजींची मान हळूच वर आली. साल, गूळ, पाणी, आणि मुरत?

येसाजी गेली एकोणीस वर्षं कडावच्या दारूबंदी समितीचे अध्यक्ष होते. गावाच्या शिवारात त्यांनी काठीनं किती मडकी आणि किती कॅन फोडले असतील, ह्याचा हिशेब त्यांनाही नव्हता. कसलेल्या गड्याला जसा पावसाचा वास येतो तसा त्यांना आंबलेल्या गुळाचा वास यायचा. गेले दोन दिवस ह्या घरात तो येत होता. पण डोळ्याच्या औषधानं नाक बिघडलं असावं, असं ते स्वतःला समजावत होते.

ते वासाच्या मागं मागं गॅलरीत गेले. वाळत घातलेल्या चादरीमागं पाच-पाच लिटरचे चार कॅन ओळीनं उभे होते. प्रत्येकावर तारखेची चिठ्ठी. झाकणं सैल. एका झाकणाला त्यांनी बोट लावलं मात्र, आतून 'फुस्स' झालं. येसाजी तिथल्या तिथं प्लास्टिकच्या स्टुलावर बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगा राजेश त्यांच्या डोळ्यात औषध घालत होता. त्याला शिळफाट्याजवळच्या कारखान्यात वेळेवर पोचायचं होतं, एक बूट पायात आणि एक दारात होता.

"राजेश, गॅलरीत ते कॅन हायत…"

"हां, सोनालीचे. वर बघा. डोळा मिटू नका."

"काय हाय रं त्यात?"

"एन्झाइम."

येसाजींनी ह्या धंद्यातली पुष्कळ नावं ऐकली होती. हे नवीन होतं. "घरात करते?"

"मग! बाहेरचं सगळं केमिकल. हे शुद्ध. तीन महिने मुरवावं लागतं, पण काय काम करतं म्हणून सांगू!"

"तू पन घेतोस?"

"रविवारी मीच घेतो. बाकीचे दिवस ती. वाटणीच करून टाकलीय आम्ही."

येसाजींनी आवाज खाली आणला. "कोरी?"

"छे छे, कोरं नाही चालत. पाण्यात एक झाकण, बस. अख्खी बिल्डिंग घेऊन जाते सोनालीकडून. तुम्ही पण जाताना एक कॅन न्या. आईला द्या. तिला एकदा सवय लागली ना, मग दुसरं काही मागणार नाही."

राजेश दुसरा बूट घालून निघूनही गेला. येसाजी डोळ्यातून औषध गालावर ओघळेपर्यंत वर बघत बसले.

त्यांना काही म्हणजे काही समजेना. सोनाली पहाटे पाचला उठायची. डबे करायची, शाळेत जायची, आल्यावर वह्या तपासायची. तिचा हात त्यांच्या डोळ्यापाशी येताना कधी कापला नव्हता. एकोणीस वर्षांत त्यांनी नाना तऱ्हेचे पिणारे पाहिले होते, पण त्यातल्या एकानंही कधी कचरा रंगवार लावला नव्हता. मग हे कसं? आणि विचारायचं कुणाला? सुनेला सासऱ्यानं काय विचारायचं, 'किती घेतेस गं?' गावी बायकोला, इंदूबाईंना फोन करावा, तर त्या पलीकडून एवढ्या मोठ्यानं बोलायच्या की अर्ध्या कडावला ऐकू जायचं.

निदान वास तरी शेजारी जायला नको, म्हणून त्यांनी एक केलं. गॅलरीत जाऊन चारही कॅनची झाकणं शेतकऱ्याच्या हातानं घट्ट पिळून बसवली.

त्यानंतर दोन दिवसांनी, दुपारी जेवण झाल्यावर कमलेशचा फोन आला. कमलेश कडावच्या डेअरीत होता आणि समितीचा सचिव होता.

"काका, बरं हाय ना? आज चार वाजता आमी येतोय तुमाला बघाया. मी आनि सरपंच सुरभीताई."

"कशाला उगाच तरास…"

"तरास कसला? शहाळी घेतल्यात."

फोन ठेवून येसाजी गॅलरीत गेले आणि हबकले. चौथा कॅन, म्हणजे अगदी अलीकडची चिठ्ठी असलेला, फुगून चेंडूसारखा गोल झाला होता. आता हा काही चादरीमागं लपणारा नव्हता. सुरभीताई आल्या की गॅलरीत डोकावणार, कमलेशचं नाक तर त्यांनीच तयार केलेलं. दारूबंदीच्या अध्यक्षाच्या पोराच्या घरी वीस लिटर माल! एकोणीस वर्षांची अब्रू एका दुपारीत जायची. त्याहून वाईट म्हणजे सोनालीचं नाव गावात चघळलं जायचं.

कॅन गच्चीवर पाण्याच्या टाकीमागं ठेवायचे, असं त्यांनी ठरवलं. डॉक्टरांनी वजन उचलू नका, वाकू नका म्हणून बजावलं होतं. म्हणून त्यांनी पहिला कॅन पायानं ढकलत ढकलत दाराबाहेर आणला. मग फुगलेला आणला, तो तर नुसता हात लावताच गुरगुरत होता. आता जिना चढायचा कसा, ह्या विचारात ते पायरीवर टेकले, तेवढ्यात समोरचं दार उघडलं. शेजारची हर्षला होती.

"अय्या काका! झालं का तयार? सोनाली म्हणाली होती ह्या आठवड्यात देते म्हणून. थांबा हं, मी बाटली आणते."

येसाजी काही बोलायच्या आत ती बाटली घेऊन आली. बरोबर नरसाळंही घेऊन आली.

"तुम्ही वजन नका उचलू, मी कॅन कलता करते. तुम्ही फक्त नरसाळं धरा."

येसाजींनी नरसाळं धरलं. न धरून सांगणार काय?

"पोरी," त्यांनी न राहवून विचारलं, "घरात मालकांना म्हायती हाय का?"

"म्हणजे काय? त्यांनीच तर लावली मला सवय. सासूबाईसुद्धा आता ह्याच्याशिवाय ऐकत नाहीत. मी वर नानांना आवाज देते, ते कधीचे वाट बघताहेत." आणि तिनं जिन्यातून वर तोंड करून हाक मारली, "नाना! आलंय हो!"

नाना म्हणजे सोसायटीचे अध्यक्ष. शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले, कपाळाला गंध, रोज पहाटे स्तोत्रं म्हणणारे. येसाजी आल्यापासून त्यांच्याशी अदबीनं बोलत होते. आता ते दोन्ही हातांत दोन रिकाम्या बाटल्या घेऊन लगबगीनं खाली येताना दिसले, तेव्हा येसाजींनी जिन्याचा कठडा धरला.

"वा वा, येसाजीराव! तुम्ही स्वतः वाटताय? उत्तम. आमच्या सुनेला, सुचेताला तर दुसरं काही चालतच नाही. सुरुवातीला वासानं नाक मुरडायची. आता मीच सकाळी आंघोळ झाली की आधी हे घेतो, मग देवघरात जातो."

"देवाच्या आधी?"

"मग! त्याशिवाय प्रसन्न वाटत नाही."

येसाजींना वाटलं, आपण कडावात काठी घेऊन हिंडत होतो तेव्हा जग कुठल्या कुठं गेलं आणि आपल्याला कुणी कळवलंही नाही. हर्षला कॅन कलता करत होती, ते नरसाळं धरत होते, नाना "जरा वरपर्यंत, जरा वरपर्यंत" म्हणत होते. आणि नेमकी तेव्हाच खालच्या वळणावरून सुरभीताई आणि कमलेश शहाळ्यांची पिशवी घेऊन वर आले. तीनच वाजले होते. टेंपो लवकर मिळाला होता.

त्यांनी पाहिलं ते असं: काळा चष्मा लावलेले येसाजी पायरीवर बसले आहेत, हातात नरसाळं आहे, आणि समोर माणसं बाटल्या घेऊन उभी आहेत.

नानांना वाटलं, हीही न्यायलाच आलेली माणसं. "रांगेत या हो. सगळ्यांना पुरेल."

कमलेशच्या नाकपुड्या फुलल्या. "काका… ह्यो वास…"

"कमलेश, तू म्होरं येऊ नको," येसाजी म्हणाले.

त्यामुळं तो पुढं आला. समितीच्या नियमाप्रमाणं त्यानं सरळ दुसऱ्या, फुगलेल्या कॅनचं झाकण धरलं आणि पिळलं. आधी शिट्टी झाली. मग धडाका झाला. झाकण छताला आपटून दोन मजले खाली टणटणत गेलं, आणि संत्र्याच्या सालींसकट सगळा फेस कमलेशच्या पांढऱ्या शर्टावर, सुरभीताईंच्या पदरावर आणि जिन्यात पसरला. एक साल कमलेशच्या कानावर लटकत राहिली.

"दारूच हाय!" कमलेश ओरडला. "काका, कुनाची ही?"

येसाजी कठड्याला धरून उभे राहिले.

"माझी," ते म्हणाले.

"तुमची?" सुरभीताईंचा विश्वास बसेना. "काका, तुमी तर सुपारीसुद्धा खात नाय."

"माझीच हाय. पोराला म्हायती नाय, सुनेला म्हायती नाय. म्हातारपनी बुद्धी फिरली. सुरभीताई, तुमी मला आत्ताच अध्यक्षपदावरनं काढा. पन घरातल्या बाकी कुनाचं नाव गावात घेऊ नका." बोलताना त्यांचा ऑपरेशन न झालेला डोळा वाहायला लागला.

नाना ह्याच्याकडून त्याच्याकडं बघत राहिले. हर्षला म्हणाली, "अहो काका, सांडलं तर सांडलं, रडताय काय एवढं? जिना पुसायचाच होता. ह्यानंच पुसून टाकू."

"दारूनं जिना पुसता?" कमलेशनं विचारलं.

"दारू? कसली दारू?"

"ही काय ही!" त्यानं कानावरची साल दाखवली.

"अहो, ते फरशी पुसायचं पाणी आहे!" नाना खेकसले. "मी रोज सकाळी ह्यानं देवघराची फरशी पुसतो. दारू काय म्हणता? कोण तुम्ही?"

येसाजी मटकन खाली बसले. "फरशी?" त्यांनी विचारलं. "म्हंजे… कुनी पीत नाय?"

"पिऊन बघा," हर्षला म्हणाली. "आठवडाभर जीभ सोलून निघेल."

पाच मिनिटांनी सोनाली शाळेतून आली, तेव्हा एक सरपंच, एक मुख्याध्यापक आणि एक दारूबंदीचा सचिव तिसऱ्या मजल्याचा जिना फडक्यानं पुसत होते, आणि सासरे पायरीवर नरसाळं मांडीत घेऊन बसले होते. हर्षलानं तिला सगळं सांगितलं. सोनाली आधी मोठ्यानं हसली. मग मध्येच थांबली.

"बाबा, तुम्हाला वाटत होतं ते माझं आहे. तरी तुम्ही 'माझी' म्हणालात?"

"मंग काय तुझी म्हनू?" येसाजी करवादले. "मी म्हातारा, माझं काय जातंय? तुला अजून शाळेत पोरांम्होरं उभं ऱ्हायचंय."

सोनाली आत गेली, थेंबांची बाटली घेऊन आली आणि पायरीवरच बसून तिनं त्यांच्या डोळ्यात औषध घातलं. ह्या खेपेला तिचा हात थोडा कापला.

सुरभीताईंना मात्र तो जिना फार आवडला. तिसरा मजला एवढा चकचकीत झाला की त्याच्यामुळं दुसरा कळकट दिसायला लागला. त्यांनी कृती लिहून घेतली, एक कॅन बरोबर नेला आणि त्याच आठवड्यात बायकांच्या सभेत सांगून टाकलं की गूळ आणि साली वाया घालवू नका, फरशी पुसायला घरीच एन्झाइम करा. येसाजी परत जाईपर्यंत जिन्यातली हकिकत कडावच्या प्रत्येक ओटीवर पोचली होती.

आणि घोटाळा खरा तिथून सुरू झाला.

गावाच्या कडेला बामाचं घर होतं. बामा म्हणजे समितीचं जुनं गिऱ्हाईक. येसाजी गावी परतल्यानंतर चौथ्याच दिवशी कमलेश सांगत आला, बामाच्या पडवीत कॅन दिसतायत. दोघं गेले. कॅन होते. दोन. आणि त्यांवर मोठ्या अक्षरांत चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या: 'फरशीसाठी'.

"काका, पर्यावरन हाय," बामानं हात जोडून सांगितलं. "सरपंचांनीच सांगितलंया."

कमलेश दहा पावलं मागं जाऊन उभा राहिला. येसाजींनी वाकून वास घेतला. तोच वास. गूळ तोच, आंबणं तेच. साली आहेत का बघावं तर कॅन काळा. एकोणीस वर्षं त्यांच्या नाकानं कधी दगा दिला नव्हता, पण आता त्यांचा स्वतःच्या नाकावर भरवसा उरला नव्हता. काठी उचलावी आणि पुन्हा फरशीचंच निघालं तर? आणि सोडून द्यावं, तर उद्या सगळं गावच पर्यावरणाला लागायचं.

त्यांनी बामाच्या ओटीकडं पाहिलं. घरकुलाच्या नव्या फरश्या होत्या, पण त्यांवर चिखलाचे पाय, कोंबड्या आणि विड्यांची थोटकं.

"बामा," ते शांतपणे म्हणाले, "मंग पूस."

"काय?"

"फरशीसाठी हाय ना? पूस आमच्या म्होरं."

"पुसतो की. एक झाकन घेतो."

"झाकन मुरलेल्या फरशीला. नवीन फरशी पयल्यांदा पूर्ण कॅन पिते. दोन असले तर दोन." हे त्यांनी अशा चेहऱ्यानं सांगितलं की कमलेशलाही ते खरं वाटलं.

बामानं एकेका कॅनचं झाकण जड हातानं उघडलं. मग त्यानं दोन्ही कॅन ओतले आणि गुडघ्यांवर बसून ओटी, पडवी, उंबरा असं सगळं पुसून काढलं. मध्ये मध्ये तो बाहीनं डोळे टिपत होता. वास उग्र असल्यामुळं असेल. येसाजी शेवटपर्यंत ठरवू शकले नाहीत की आपण दारू पकडली की स्वच्छता करवून घेतली. घरी जाताना कमलेशनं विचारलं, "काका, वहीत काय लिहू?" तर ते म्हणाले, "काय बी लिहू नको. थांब जरा."

तिसऱ्या दिवशी सकाळी बामाची बायको ठमाबाई दारात येऊन उभी राहिली. पदर खोचलेला, चेहरा गंभीर. भांडायला आली असणार म्हणून इंदूबाई पुढं झाल्या.

"काका," ठमाबाई त्यांच्या खांद्यावरून म्हणाली, "ओटी पार आरशावानी झालीय. लगीन झाल्यापासनं ह्यांनी हातात फडकं धरलेलं मी पयल्यांदा बघितलं."

"बरं झालं की," येसाजी सावधपणे म्हणाले. "मंग?"

ठमाबाईनं मागं वळून रस्ता रिकामा आहे ना, ते बघितलं.

"मंग म्हटलं, सांगून ठेवावं. माळ्यावर आजून तीन कॅन हायत. आतली खोली आनि गोठा पन पुसून घ्यायचाय. तुमी कंदी येताय?"